गेरू लावलेली मेंढी

दुष्काळाच्या साली धाराशिवच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबला एक शिपाई होते, मूळचे मेंढपाळ. तांब्याभर पाण्यात दहा चंबू विसळायचे. घंटा झाली की माझं वाक्य अर्धं असलं तरी फळा पुसायचे.

एकदा मी शिकवत होतो. तापलेल्या लोखंडावर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सोडले की जळाऊ वायू तयार होतो. कार्बन त्यात कोणत्या वाटेनं जातो हे कळावं म्हणून त्यात वजनावरून ओळखू येणारा थोडा जड कार्बन मिसळतात. पोरं नुसती बघत राहिली.

दारातून शिपाई म्हणाले, "सर, कळपातल्या एका मेंढीला गेरू लावला की ती कुठनं गेली ते दिसतं. तसंच न्हवं?"

पोरं हसली, आणि त्यांना कळलंही.

"पर जड हाय म्हंता, मग ती मागं ऱ्हात न्हाय का?"

त्या संध्याकाळी मी लायब्ररीतली सगळी जर्नलं उपसली. दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. खाली उत्तर लिहिलं: राहते, पण अगदी किंचित.

घंटा झाली. ते डस्टर घेऊन आले, दोन्ही ओळी वाचल्या आणि डस्टर पुन्हा खिळ्याला अडकवलं.

"आज ऱ्हाऊ द्या, सर."

पुढं आठवडाभर मी फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात शिकवलं.