पार्किंगखालची तांब्याची पट्टी

चार्जिंगची जागा कुठे करायची यावर आमचं तीन महिने अडलं होतं.

भोरच्या पुढे, वरंध्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, संस्थानच्या काळात पाहुण्यांसाठी बांधलेला एक दगडी बंगला आहे. त्याचं हॉटेल झालं आणि गेली चौदा वर्षं मी तिथे मॅनेजर आहे. पूर्वी विजेवरची एखादी गाडी आली तर स्वयंपाकघरातली माणसंही हात पुसत बघायला बाहेर यायची. आता बुकिंगचा फोन आला की खोलीचं विचारायच्या आधी लोक विचारतात, चार्जिंग आहे का?

मालकीणबाई पुण्याला राहतात. त्यांचं म्हणणं, समोरच्या कमानींपुढे कसलीही पेटी दिसता कामा नये आणि जुन्या दगडाला भोक पाडायचं नाही. माझं म्हणणं, गाड्या समोरच लागल्या पाहिजेत. कारण समोरचं पार्किंग मी आठ वर्षांपूर्वी उभं राहून करून घेतलं होतं. आधी तिथे नुसती माती होती. पावसाळ्यात चाकं रुतायची, मग आम्ही चार माणसं मागून ढकलायचो. मी सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले, पाणी जायला उतार काढला. त्या कामाचा मला अभिमान होता, हे कबूल करतो.

मार्चमधल्या एका रविवारी एका पाहुण्याने खोलीच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर काढली आणि गाडीला लावली. गाडीबरोबर आलेल्या चार्जरवर लाल दिवा लागला आणि तो काही केल्या जाईना. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुमच्याकडे अर्थिंग नाही."

मी म्हणालो, "शंभर वर्षांची इमारत आहे. आजवर कुणाला काही झालेलं नाही."

हे वाक्य मी त्या आधीही अनेकदा वापरलं होतं. कधी गळक्या कौलांबद्दल, कधी लाकडी जिन्याबद्दल. पाहुण्यांनी वायर गुंडाळली आणि जेवण न करताच निघाले. भोरमध्ये कुठे चार्जिंग मिळतं ते बघतो, म्हणाले.

मग मी शिवऱ्याच्या वायरमनना बोलावलं. हायवेवरच्या दोन ढाब्यांचे चार्जर त्यांनी बसवलेत. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. मी सहा गाड्यांचा आणि दोन चार्जरचा नकाशा काढून ठेवला होता. तो त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"नकाशा मागनं बघू साहेब. आदी अर्थिंग बघतो."

त्यांनी अंगणाच्या कडेला मातीत दोन सळया ठोकल्या, वायरी जोडल्या आणि मीटरकडे बघत बसले. एकदा बघितलं, वायरी काढून पुन्हा लावल्या, पुन्हा बघितलं. मग मेन बोर्डापाशी गेले. तिथून खोल्यांमध्ये गेले, न्हाणीघरांमध्ये गेले, आणि शेवटी मागे, भांडी घासायच्या मोरीपाशी. मोरीच्या लोखंडी नळाला त्यांनी मीटरचं एक टोक लावलं आणि दुसरं ओल्या फरशीला. आकडा मलाही दिसला, पण मला त्याचा अर्थ कळला नाही. त्यांना कळला. ते दोन पावलं मागे सरले.

"मेन बंद करा."

"पाहुणे आहेत खोल्यांत. अर्ध्या तासाने—"

"साहेब, मेन बंद करा."

मी मेन बंद केला. पंखे थांबत गेले तसा सगळा बंगला शांत झाला. आम्ही मोरीपाशी उभे होतो आणि ते मला लहान मुलाला सांगावं तसं सांगत होते. एका खोलीतल्या गिझरची कॉइल फुटली आहे. फुटलेल्या ठिकाणची वीज अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायला पाहिजे. पण तुमच्या बंगल्याची अर्थिंग कुठेच गेलेली नाही. म्हणून ती वीज त्याच वायरीतून सगळीकडे फिरते. गिझरांत, मोटरीत, पाण्याच्या लोखंडी पायपांत. आज हा गिझर आहे. ह्याच्या आधी दुसरं काही असेल. गाडीच्या चार्जरला हे लगेच कळतं, म्हणून तो चालू होत नाही.

"कुणी कदी तक्रार केली न्हाई का? नळाला झिणझिण्या येत्यात म्हणून?"

"नाही," मी म्हणालो. लगेच म्हणालो, आठवूनही बघितलं नाही.

आमचे आचारी दारात उभे होते. ते म्हणाले, "मावशी म्हणायच्या की, साहेब."

मावशी आमच्याकडे भांडी घासायला होत्या. हिर्डोशीच्या. सकाळची एसटी चुकली तर अर्धा रस्ता चालत यायच्या. साठीच्या आसपासच्या, अंगाने बारीक. चार वर्षं काम केलं. पाच वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या मला सांगायला आल्या की नळ चावतो. पहिल्यांदा मी हो-हो केलं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा दुपारची घाई होती. मी त्यांच्याबरोबर मोरीपाशी गेलो, सगळ्यांदेखत नळ मुठीत धरला आणि म्हणालो, "बघा मावशी, मला कुठे चावतोय?" सगळे हसले, मीही हसलो. पुढे स्वयंपाकघरात त्या नळाला चावरा नळ असंच नाव पडलं. महिन्याभराने मावशींच्या हातातून ताटांची चळत पडली आणि त्याही पडल्या. चक्कर आली असेल, वय झालं, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. कामाचा कंटाळा आला असेल, असं मी मालकीणबाईंना सांगितलं होतं.

हे सगळं मी वायरमनना सांगितलं. नळ धरल्याचंही सांगितलं, म्हणजे माझ्या बाजूने एक पुरावा म्हणून.

त्यांनी विचारलं, "तवा पायात काय हुतं तुमच्या?"

मी खाली बघितलं. मॅनेजर म्हणून मी रोज बूट घालतो, जाड रबरी तळाचे. आत्ताही तेच होते. मोरीत भांडी घासणारी बाई अनवाणी असते. पाण्यात उभी असते.

आचारी माझ्याशी काहीतरी बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू येत नव्हतं. मी भिंतीला हात टेकायला गेलो आणि तोही मागे घेतला. मेन बंद होता, तरी घेतला.

वायरमन म्हणाले, "जुन्या मानसांनी अर्थिंग केलेली असनारच. एवढा बंगला बांदला त्यांनी. कुठं गेली ती बघू." मेन बोर्डापासून तांब्याची एक पट्टी भिंतीच्या कडेने खाली उतरत होती. ती व्हरांड्याच्या पायरीखालून बाहेर निघून माझ्या पार्किंगखाली जात होती. त्यांनी पहारीने पेव्हर उचकटायला सुरुवात केली. चौथ्या की पाचव्या ब्लॉकखाली पट्टीचं टोक सापडलं. हिरवं पडलेलं, कुदळीचा घाव बसून तुटलेलं आणि वाकवून बाजूला सारलेलं. त्याच्यापुढे हातभर अंतरावर विटांचा एक चौकोन होता, जुना अर्थिंगचा खड्डा, आत खडी भरलेली.

तो चौकोन बघताच मला आठवलं. पेव्हर बसवणाऱ्यांनी विचारलं होतं, साहेब, हे सिमेंटचं झाकण ठेवायचं का? जुन्या गटाराचं असावं असं मला वाटलं होतं. मी म्हणालो होतो, काढून टाका, भरून घ्या, गाडीचं चाक अडकेल.

म्हणजे आठ वर्षं. आठ वर्षं तिथे लोकांनी आंघोळी केल्या होत्या. लहान मुलं घेऊन येणाऱ्यांना मी स्वतः सांगत होतो, बाळाला गरम पाणी हवं असेल तर कोपऱ्यातल्या खोलीत जास्त गरम येतं. मी तिथेच पायरीवर बसलो. वायरमननी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी दोष दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या दुपारी मी पाहुण्यांना खरं कारण सांगून परत पाठवलं. मालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सगळं होईपर्यंत हॉटेल बंद ठेवा. आणि त्या बाईंना जाऊन भेटा."

दुसऱ्या दिवशी मी हिर्डोशीला गेलो. मावशी अंगणात नाचणी पाखडत होत्या. ओळखलं, बसायला पोतं दिलं. मी सगळं सांगितलं. तुटलेली पट्टी, गिझर, बूट. त्या सूप हलवत ऐकत होत्या. माझं संपलं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुमी बूट घातलं हुतं, ते म्या तवाच बघितलं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चप्पल घातली की चावत न्हाई, ते मला ठावं हुतं. पर पाण्यात चपला घालून पाय घसरायचा."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"दोनदा बोलले की. तुमी हसला." त्यांनी हे जेवण झालं का विचारावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं. "सगळी हसली. मग मानूस काय बोलनार."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला आजही सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "आता कोन घासतं भांडी?"

मी सांगितलं, वाडीतली एक बाई आहे.

"तिला सांगितलं का तुमी?"

मी तिला सांगितलं नव्हतं. मालकीणबाईंना सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं. तिला मी फक्त म्हणालो होतो की काही दिवस काम बंद आहे, घरी थांबा.

"आदी तिला सांगा," मावशी म्हणाल्या. "हितं काय येता."

मी उठलो आणि तिथून थेट वाडीत गेलो. ती बाई तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून तिने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. तिला वाटायचं की वाताने हात भरून येतात. भोरमधल्या डॉक्टरकडून ती दोनदा गोळ्या घेऊन आली होती.

पुढची हकिगत सांगायला फारशी नाही. मीठ आणि कोळसा घालून तीन नवे अर्थिंगचे खड्डे केले. सगळ्या खोल्यांची वायरिंग बदलली, वीज झिरपली की आपोआप बंद करणारे स्विच बसवले. गाड्यांचं चार्जिंग मागच्या जुन्या तबेल्यात केलं. तिथे दगडाला हात लावावा लागला नाही आणि समोरून काही दिसतही नाही. समोरचं पार्किंग मी अर्धं उखडून टाकलं. अर्थिंगची झाकणं आता उघड्यावर आहेत, पिवळ्या रंगात, आणि गाड्यांना थोडा वळसा घ्यावा लागतो.

मावशींना मी पुन्हा कामावर बोलावलं होतं, बसून करायच्या. त्या नाही म्हणाल्या. पण महिन्याभराने त्यांनी आमच्या आचाऱ्यांकडे निरोप पाठवला, तो वायरमन आमच्या घरात हाय का बघंल का म्हणावं, ते अर्थिंग.

वायरमन आणि मी दोघेही गेलो. मावशींच्या घरात अर्थिंग नव्हती. शेजारच्या दोन घरांतही नव्हती. आम्ही दिवसभर तिथेच होतो. वायरमन वायरी जोडत होते आणि मी घरामागे खड्डा खणत होतो. कमरेइतकं खोल गेल्यावर मुरूम लागला. मावशी काठावर येऊन उभ्या राहिल्या, आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अजून खाली घ्या."