जमीलाबाईंनी सोडवून घेतलेलं समीकरण

आदरणीय जमीला शेख बाईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. मी त्यांना प्रथम पाहिलं ते लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत, आठवीच्या वर्गात. भूकंपात आमचं गाव पडलं, वडील गेले आणि आई मला घेऊन मुरुडला मोठ्या काकांकडे आली. नव्या वर्गात सगळे माझ्याशी जपून, हळू आवाजात बोलत. बाईंनी मात्र आल्या आल्या विचारलं, "समीकरणं झालीत का गं तुमच्याकडं?" त्या प्रश्नानं मला फार बरं वाटलं.

समीकरण म्हणजे दोन बाजू सारख्या असणं, हे बाई पुन्हा पुन्हा सांगत. संख्या पलीकडे नेली की चिन्ह बदलतं, हे पाठांतर त्यांना मान्य नव्हतं. "पलीकडं काही जात नसतं. एका बाजूनं जे काढाल, ते दुसऱ्या बाजूनंही काढा." आणि शेवटी ताळा करायचाच.

एकदा पुस्तकात बाप-लेकीच्या वयाचं उदाहरण आलं. माझी वही कोरीच राहिली. बाई जवळ आल्या.

"दुसरं घेऊ का?"

"न्हाई बाई. माझ्या वडिलांचं वय किती होतं, तेच मला ठाऊक न्हाई."

शाळा सुटल्यावर बाई माझ्यासोबत घरी आल्या. आई म्हणाली, "मी कधी विचारलंच न्हाई त्यांना." कागदपत्रं तर ढिगाऱ्यातच राहिली होती. काका आठवून आठवून सांगू लागले, "माझ्याहून सहा वर्षांनी ल्हान होता. त्याच्या हळदीत मामानं चेष्टा केलती, दोघा भावांची वयं मिळून पन्नास झाली, आता तरी शहाणे व्हा म्हणून."

"झालं की मग. सुनंदा, मांड," बाई म्हणाल्या.

वडिलांचं तेव्हाचं वय क्ष, काकांचं क्ष अधिक सहा, बेरीज पन्नास. म्हणजे दोन क्ष अधिक सहा बरोबर पन्नास. दोन्हीकडून सहा काढले. दोन क्ष बरोबर चव्वेचाळीस. दोन्ही बाजूंना दोननं भागलं. बावीस आले. ताळा केला : बावीस आणि अठ्ठावीस, पन्नास. लग्नानंतर तीन वर्षांनी माझा जन्म, आणि भूकंपाच्या वेळी मी तेरा वर्षांची.

"अडतीस," मी म्हणाले.

काका भिंतीला टेकले. "अडतीसच? लई कमी जगला." भूकंपानंतर आमच्या घरात वडिलांचं नाव निघत नव्हतं. त्या संध्याकाळी आईनं त्यांच्याबद्दल भरभरून सांगितलं, आणि बाई चहा संपला तरी ऐकत बसल्या.

पुढे मीही गणित शिकवू लागले. लातुरात क्लासेसचे दिवस आले, तेव्हा निवृत्त झालेल्या बाईंना एका क्लासनं बोलावलं. मीही तिथंच होते. बाई तिथंही प्रत्येक गणिताचा ताळा करायला लावत. संचालक म्हणाले, "मॅडम, परीक्षेत एवढा वेळ नसतो." बाई म्हणाल्या, "म्हणूनच आत्ता देऊन राहिले."

इस्लापूरची एक मुलगी अकरावीतच क्लास सोडून, बॅग भरून गावी निघाली होती. "मला जमून न्हाई राहिलं," म्हणत रडत होती. बाईंनी तिच्या तीन वह्या तपासल्या. तीन क्ष अधिक सहा बरोबर एकवीस असलं, की ती तीननं भागताना सहाला तसंच सोडून देई. "बेटा, तुझी चूक एकच आहे. तीच सगळ्या पानांवर आहे." मुलगी डोळे पुसून बसली. दोन वर्षांनी विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेऊन ती पेढे द्यायला आली, तेव्हा बाईंनी आधी तिला पेढा भरवला.

गेल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. आठवीचं गणिताचं पुस्तक बदललंय म्हणे, घेऊन ये. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डॉक्टरांनी वाचायला मनाई केली आहे. मी तसं म्हणाले, तर उत्तर आलं, "मी कुठं वाचणार? तू वाच, मी ऐकते. चुकलीस तर सांगते."

पुस्तक घेऊन मी रविवारी जाणार आहे. बाई, तुमची नजर लवकर निवळो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि आम्हां विद्यार्थ्यांच्या चुका काढायला तुम्हांला अजून खूप वर्षं मिळोत.