तीन बोटं आखूड

नवऱ्याचा डावा पाय जन्मापासून आखूड. काम हातांचं असलं तरी मालक आधी पायच बघत आणि ‘कळवतो’ म्हणून वाटेला लावत. शेवटी बायकोने लोकांचे कपडे शिवायला घेतले. वीस वर्षं त्याच्याच पँटी शिवून हात बसला होता.

पहिलं काम शेजारच्या मास्तरांचं, भारी कापडाचं. मास्तरांनी पँट चढवली, तर डावा पाय तीन बोटं आखूड!

“बाई, लंगडा मी आहे का?” ते तणतणत पँट टाकून गेले.

ती कपाळाला हात लावून बसली. नवऱ्याने गुपचूप पँट घालून बघितली. कमरेला जरा सैल, पण उंचीला अगदी बेतशीर.

“रडतेस काय, वेडे? सगळ्यांना माझा पाय चुकलेला दिसतो. एक तुझीच कात्री त्याला बरोबर धरते.”