कुंदा परबच्या नावाचं वॉरंट

सकाळी मेथी निवडत बसले होते तेव्हा फोन वाजला. पलीकडे कुंदाचे यजमान, श्रीकांतराव होते. एरवी हा माणूस फोनवर आधी दोन मिनिटं तब्येतीची चौकशी करतो, मग हवापाण्याचं बोलतो आणि मग मुद्द्यावर येतो. त्या दिवशी म्हणाले, "मंगल, कुंदा गेली. झोपेतच गेली गं…" आदल्याच संध्याकाळी तिनं मला फोन करून आमच्या शाळेतल्या एका जुन्या हेडबाईंची नक्कल करून दाखवली होती आणि मी हसून हसून खोकत होते. तो खोकला अजून घशात होता आणि ही बातमी आली.

नंतरचे दिवस माणसांत गेले. तिच्या विद्यार्थिनी आल्या. त्यांच्याही केसांत आता पांढरं दिसायला लागलं आहे. त्या 'दामलेबाई' म्हणत होत्या, नात्यातले लोक 'काकू' म्हणत होते, आणि सोसायटीतल्या कोणी फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'सौ. मृणाल श्रीकांत दामले यांचे दुःखद निधन'. ते वाचून मला त्या गर्दीत हसू फुटलं. तोंडावर पदर घेतला तर शेजारच्या बाईंना वाटलं रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला… आता कुणाला काय सांगणार? पण कुंदा असती तर तिनं ओळखलं असतं मी का हसले ते. म्हणून आज सांगून टाकते.

कुंदा आमच्या घाटकोपरच्या शाळेत बदलून आली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. आधी वाकोल्याच्या शाळेत होती, नुकतंच लग्न झालं होतं आणि सासर मुलुंडला. मीही मुलुंडचीच, त्यामुळे जाता-येता सोबत झाली. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये तिनं डबा उघडता उघडता सांगून टाकलं, "हे बघ, मस्टरवर मृणाल दामले आहे. पण तू मला कुंदा म्हण. मृणाल म्हणून हाक मारलीस तर मी ओ देईन याची माझी मलाच गॅरंटी नाही." मालवणकडची परबांची मुलगी, वडील गिरणीत होते. दामल्यांच्या घरात कांदासुद्धा विचारून चिरायचा. लग्न दोघांनी आपलं आपण ठरवलेलं. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, विरोध केला नाही. फक्त लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहायची वेळ आली तेव्हा सुनेचं नाव स्वतः निवडलं. मृणाल. माई ताठ बसणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. छळ वगैरे काही नव्हता हो. पण त्यांच्या तोंडून 'मृणाल' अशी हाक आली की कुंदा अर्धा क्षण इकडेतिकडे बघायची, कोण आलंय म्हणून.

एके दिवशी मधल्या सुट्टीत हेडबाईंच्या खोलीतल्या फोनवर तिला बोलावणं आलं. परत आली तेव्हा तोंडाचा रंग उतरला होता. वाकोल्याच्या तिच्या जुन्या चाळीतल्या शेजाऱ्यांचा, रेगेकाकांचा फोन होता. "अगं, तुझ्या नावानं पोलीस येऊन गेला. वॉरंट आहे म्हणाला. कोर्टाचं."

आमची स्टाफरूम म्हणजे काय विचारता! "वाट लागली!" असं कोणीतरी म्हणालंच. मग कुंदानं सांगितलं ते असं. लग्नाच्या आधी, वाकोल्याला असताना, खारदांड्याहून हिराबाय नावाची एक कोळीण त्यांच्या गल्लीत मासे घेऊन यायची. एका सकाळी ती टोपली उतरवून रस्त्याच्या कडेला बसली होती, कुंदा समोर उकिडवी बसून भाव करत होती, आणि एक मोटार वळणावर कडेला घुसली ती थेट हिराबायच्या पायावरूनच गेली. पाय मोडला. मोटारवाला मोठ्या घरचा. तो सांगू लागला की बाई धावत मध्ये आली. कुंदानं पोलिसांना जबाब दिला होता. त्यानंतर तिचं लग्न झालं, आईवडील खोली सोडून गावी गेले, कोर्टाचं समन्स आलं ते जुन्या पत्त्यावर. ते कोणाच्या हातात पडलं कोण जाणे. साक्षीदार तारखेला आली नाही म्हणून कोर्टानं तिच्यावर वॉरंट काढलं.

आमच्यातल्या एका बाईंनी तिला समजुतीचं सांगितलं. "कुंदा, डोकं चालव. वॉरंट कुंदा परबवर आहे ना? ती आहे कुठे आता? रेशनकार्डावर मृणाल दामले, मस्टरवर मृणाल दामले, पत्ता मुलुंड. शोधू दे त्यांना. तू गप्प बस."

आणि खरंच, ते अगदी सोपं होतं. कुंदा थोडा वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "मी गप्प बसले तर हिराबाय खोटी पडेल गं."

घरी सांगायचं मोठं संकट होतं. मला सोबत घेऊनच गेली. श्रीकांतराव ऐकून म्हणाले, "मी रजा टाकतो, आपण जाऊ." तर ही म्हणते, "तू नको. तुला इंजेक्शन बघून चक्कर येते, कोर्टात पोलीस बघून काय होईल? मंगल येईल." माई आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या घरात आजवर कधी पोलीस आला नाही, मृणाल."

"म्हणूनच मी जाते ना त्यांच्याकडे, माई. म्हणजे ते यायला नकोत."

माई आत निघून गेल्या. पण सकाळी निघताना तिच्या पिशवीत डब्याच्या वर एक धुतलेला टॉवेल आणि साबणाची वडी ठेवलेली निघाली. माईंना बिचाऱ्यांना वाटलं होतं, आत ठेवून घेतलं तर लागेल!

आधी वाकोल्याच्या बाजूच्या पोलीस चौकीत गेलो. तिथले हवालदार भले होते. म्हणाले, "बाई, आमच्याकडे कागद येतो तो कोर्टातून. आहे की नाही, काय प्रकारचं आहे, ते तिथंच कळेल." म्हणून उपनगरातल्या त्या मॅजिस्ट्रेट कोर्टात. जिन्यावर माणसं बसलेली, काळे कोट, विडीचा धूर, बाहेर टाइपरायटरची टकटक. एका टेबलाशी जाऊन कुंदानं, पाचवीच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "माझ्या नावाचं वॉरंट आहे का ते जरा बघता का?"

सगळी खोली वळून बघायला लागली. कारकुनानं चष्मा वर केला. "लोक इथं वॉरंट चुकवायचे उपाय विचारायला येतात. तुम्ही शोधायला आलात? नाव?"

"कुंदा परब."

त्यानं गठ्ठे चाळले. बराच वेळ गेला. "आहे. जामीनपात्र आहे, घाबरू नका. तुमचं काही ओळखपत्र?"

कुंदानं रेशनकार्ड पुढे केलं. त्यानं वाचलं, परत केलं. "हे मृणाल दामल्यांचं आहे. कुंदा परबना पाठवा."

"अहो, ती मीच!"

"असं कसं? नाव वेगळं, आडनाव वेगळं, पत्ता वेगळा. उद्या खरी कुंदा परब आली तर मी काय करू?"

कुंदा माझ्याकडे वळली आणि हताश होऊन मालवणीत म्हणाली, "आता काय करूया गो? मिया मिया नाय म्हणता हो!" म्हणजे, मी मी नाहीच म्हणतोय हा! आणि तिथंच, त्या टेबलाला धरून, आम्ही दोघी खो खो हसत सुटलो. कारकूनही हसायला लागला. मग त्यानं नीट समजावलं. केसची तारीख पंधरवड्यानं आहे, त्या दिवशी स्वतः हजर व्हा, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या, न येण्याचं कारण सांगा आणि ओळख पटवणारं माणूस आणा. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नक्की या बाई. दुसरा साक्षीदार नाही. त्या कोळणीला तारखांना येऊन येऊन वैताग आलाय. या वेळी तुम्ही नाही आलात तर तुमच्या साक्षीवाचूनच निकाल लागेल."

त्या पंधरवड्यात कुंदा वर्गात झकास शिकवायची, स्टाफरूममध्ये कारकुनाची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. पण बेल झाली की आधी दाराकडे बघायची. मी ते बघत होते.

तारखेच्या सकाळी मी तिच्या दारात पोचले तर माई नऊवारी नेसून, चपला घालून तयार. "मी येतेय," एवढंच म्हणाल्या. कुंदानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. कोणाचं काही चाललं नाही.

पुकारा झाला, "कुंदा परब!" आणि कुंदा उठली. मॅजिस्ट्रेटसाहेब वयस्क होते, दमलेले दिसत होते. "समन्स मिळूनही तुम्ही आला नाहीत. का?"

"साहेब, समन्स मला मिळालंच नाही. माझं लग्न झालं."

मागे खसखस पिकली. साहेबांनी नजर वर केली तसं हसणं थांबलं. समोरच्या पक्षाचे वकील मात्र लगेच उठले. ही बाई कागदोपत्री मृणाल दामले आहे, जबाब देणारी कुंदा परब हीच कशावरून, असं म्हणू लागले. मी कुंदाच्या अगदी मागे होते. तिनं पाठीमागे बांधलेले हात घट्ट आवळले होते.

"यांना ओळखणारं कोणी आहे का?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "हीच गो बाय ती! हीच माजी मास्तरीण!" काठी टेकत एक कोळीण उभी राहिली होती. हिराबाय. पट्टेवाला "गप बसा, गप बसा" म्हणत धावला. वकील म्हणाले, फिर्यादी बाई तर हो म्हणणारच.

आणि मग माई उठल्या. सावकाश पुढे गेल्या. कोर्टासमोर हात जोडले.

"मी हिची सासू. लग्नात हिचं नाव मी बदललं, साहेब. माझ्या हौसेखातर. त्याआधी ही कुंदा होती. परबांची कुंदा. अजूनही आहे. हाक मारली की त्याच नावाला वळून बघते."

साहेबांनी अर्ज वाचला, लेखणी उचलली आणि वॉरंट रद्द केलं. साक्ष त्याच दिवशी झाली. वकिलांनी बरंच फिरवून विचारलं. शेवटी म्हणाले, "इतक्या दिवसांनी तुम्हाला सगळं बरं आठवतं?" कुंदा म्हणाली, "तिनं सुरमईचा भाव उतरवला नव्हता, हेसुद्धा आठवतं. ती बसून होती, साहेब. माझ्यासमोर बसून होती. बसलेलं माणूस धावत मध्ये कसं येईल?" वकील खाली बसले.

मोटारवाल्याला शिक्षा झाली ती फार मोठी नव्हती म्हणे. पण हिराबाय खरं बोलली होती, एवढं कोर्टानं लिहून दिलं, आणि तिला तेच हवं होतं. साक्षीच्या दिवशी बाहेर आल्यावर ती कुंदाच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून माईंना म्हणाली, "सून बरी हाय तुजी." माई म्हणाल्या, "हो. कुंदा चांगली आहे." रिक्षात बसेपर्यंत आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आलं नाही की माईंनी हे नाव घेतलं. लक्षात आलं तेव्हा कुंदा बाहेर बघायला लागली, आणि मुलुंड येईपर्यंत बाहेरच बघत राहिली. माईंनी त्यानंतर तिला मृणाल म्हटलेलं मी ऐकलं नाही.

निकाल लागल्यावर हिराबाय पत्ता विचारत मुलुंडला हजर झाली, टोपलीत केळीच्या पानात गुंडाळलेली पापलेटं घेऊन. दामल्यांच्या घरात! कुंदा दारातच अडखळली. तोवर ती मासे खायची ते माझ्या घरी, आणि वेलची तोंडात टाकूनच परत जायची. माईंनी नाकाला पदर लावला. म्हणाल्या, "स्वयंपाकघरात नाही. मागच्या गॅलरीत स्टोव्ह पेटवा." आणि पदर नाकाला तसाच ठेवून दारात उभ्या राहून विचारत राहिल्या, "याला एवढी हळद लागते? आणि कांदा?" त्या दिवसापासून ती गॅलरी कुंदाची झाली. पुढे माई गेल्या, स्टोव्ह जाऊन गॅसची शेगडी आली, मुलगी लग्न होऊन गेली, तरी मासे गॅलरीतच. "घरात शिजवायला आता कोण नको म्हणतंय?" मी विचारायची. "नको गं," ती म्हणायची, "माईंनी दिलेली जागा आहे."

गेल्या आठवड्यात श्रीकांतरावांना भेटायला गेले. दार उघडंच होतं. आत कोणी दिसेना, पण मागून चुरचुर आवाज येत होता आणि घरभर बांगड्यांचा वास. गॅलरीत गेले तर श्रीकांतराव, आयुष्यात अंडंसुद्धा न खाल्लेला हा माणूस, कमरेला कुंदाचा एप्रन बांधून, तव्यापासून लांब उभे राहून, उलथन्यानं बांगडा उलटायचा प्रयत्न करत होते.

"तू येणार म्हणालीस म्हणून आणले," ते म्हणाले. "मीठ बघ बाई, मला काही चाखता येत नाही."

"अहो, कशाला एवढं? मी चहावर भागवलं असतं."

त्यांनी गॅस बारीक केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्यासाठी असं नाही गं… बरेच दिवस वास नव्हता, तर संध्याकाळी दार उघडल्यावर घर आपलं वाटेना."

मी ताट घेतलं आणि तिथंच खाली बसले. बांगडा एका बाजूनं करपला होता, मीठ जास्त झालं होतं. मी दोन्ही तुकडे संपवले आणि तिसरा मागितला.