माझ्या मणक्याचा टीबी आणि आमच्या सासूबाई

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "पाठीच्या मणक्याचा."

मला वाटलं, रिपोर्ट कुणाचा तरी बदलला. मला साधा खोकलासुद्धा नव्हता. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि विचारलं, "डॉक्टर, चालता येईल ना हिला?"

मला तो प्रश्न सुचलाच नव्हता.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरून दाखवली. मधले दोन मणके कडेने कुरतडल्यासारखे दिसत होते आणि त्यांच्या बाजूला पू साठला होता. "याला पॉट्स स्पाइन म्हणतात. टीबीचे जंतू फुप्फुसात न राहता रक्तातून मणक्यात जाऊन बसतात. हा खोकल्यातून पसरत नाही. पण मज्जारज्जूवर दाब आला तर पाय जातात. तुमच्या डाव्या पायातली ताकद आताच कमी झाली आहे."

दुखणं सुरू झालं होतं शिमग्याच्या सुमारास. मी घरी ब्लाउज शिवते. दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईची पाठ दुखणारच, असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं. तेल लावलं, शेक घेतला, दुखायच्या गोळ्या खाल्ल्या. संध्याकाळी अंगात कसर यायची, ती दगदगीची वाटायची. ब्लाउज मलाच सैल व्हायला लागले तेव्हा गिऱ्हाइकं म्हणाली, बारीक झालात, छान दिसता. पावसाळा लागला आणि एक दिवस अंगणातली पायरी उतरताना डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली. पाय पुढे आला होता, पण चप्पल सुटल्याचं मला कळलंच नाही. तेव्हा कुठे हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

हे सगळं लिहिते, कारण पाठदुखी, संध्याकाळचा ताप आणि घटतं वजन ही तीन एकत्र आली तर मालिश करत बसू नका. आम्ही चार महिने बसलो.

बायोप्सीसाठी कोल्हापूरला जावं लागलं. बायोप्सी म्हणजे सुई घालून आतला तुकडा काढणं. तो तपासून कोणत्या गोळ्या लागू पडतील ते ठरवतात. नेहमीच्या गोळ्या चालतील असं कळलं. त्या सरकारी दवाखान्यातून मिळतात, पैसे पडत नाहीत. पण वर्षभर घ्यायच्या. पहिले तीन महिने झोपून राहायचं. उठायचं ते फक्त ब्रेस घालून. ब्रेस म्हणजे पाठीला ताठ धरणारा पट्ट्यांचा सांगाडा. त्याचे पट्टे मागून आवळावे लागतात, एकटीला घालता येत नाही.

माझे यजमान मालवाहू बोटीवर मोटरमन आहेत, म्हणजे इंजिनाकडे काम करतात. शिमग्याआधीच ते चढले होते, नऊ महिन्यांच्या करारावर. फोनवर ते म्हणाले, "मी पुढच्या पोर्टला उतरतो."

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "उतरून काय करशील? तू काय गोळ्या देणार? मी हाय ना. अर्ध्यावर सोडून आलास तर परत बोट मिळेल काय? मशीनपण बंद पडलाय हिचा. खायचा काय?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मशीन बंद म्हणजे घरात येणारा रोजचा पैसा बंद. बोटीवरचा पगार तेवढा उरला होता. हे उतरले नाहीत.

सासूबाई तेव्हा सत्तरीच्या जवळ होत्या. बुटक्या, काटक. गावची भातशेती यांच्या चुलत्यांकडे देऊन आमच्याकडे राहायला आलेल्या. आमचं फारसं पटत नसे. मी शिवण घेऊन बसले की त्यांना वाटे ही घर बघत नाही. आता त्याच मला कुशीवर वळवत, पाठ पुसत, बेडपॅन देत. पहिल्या दिवशी मी लाजून रडले, तर म्हणाल्या, "गप गो. माझ्या सासूचा मी केलंय, तिला तर दिसतपण नव्हता." आणि बेडपॅन घेऊन गेल्या.

गोळ्यांनी लघवी लाल होते, घाबरू नका. तोंडाची चव जाते. सकाळी आटवल, म्हणजे मऊ शिजवलेला भात, दुपारी कुळथाचं पिठलं, समोर धरून त्या घास मोजल्यासारख्या भरवायच्या. मासे मला वासानेही नको झाले होते. मग त्यांनी घरात आणणंच बंद केलं, स्वतःसाठीसुद्धा.

गणपतीच्या आधीचे दिवस माझ्या कामाचे. त्या वर्षी गिऱ्हाइकं कापड परत न्यायला आली. त्यात राग नाही, शिवणार कोण होतं? पण एक बाई, पंधरा वर्षांची माझी गिऱ्हाईक, गेटबाहेर उभी राहिली आणि माझ्या मुलीला म्हणाली, "कापड बाहेरच आणून दे गं, आत नको यायला." ईशा बारावीला होती. तिने कापड आणून दिलं, पण आत येऊन दार आपटलं. सासूबाई पदर खोचून बाहेर गेल्या. मला खाटेवरून ऐकू येत होतं.

"मी तिच्याच ताटात जेवतंय. माझ्याकडं बघ. काय झालाय मना?"

त्या माझ्या ताटात जेवत नव्हत्या. पण त्या दिवसापासून जेवायला लागल्या.

नवरात्राच्या सुमारास माझे डोळे पिवळे झाले. ड्रग इंड्यूस्ड हेपटायटिस, म्हणजे औषधांनीच लिव्हरला आलेली सूज. गोळ्या थांबवल्या, मला भरती केलं. मग एकेक गोळी पुन्हा सुरू करून बघत होते. गोळ्या थांबल्या की मणक्याचं काय, ही भीती, आणि सुरू केल्या की लिव्हरचं काय, ही दुसरी. वॉर्डात पडल्या पडल्या मला मेलेलं बरं असं वाटायचं. खोटं कशाला लिहू?

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट फक्त पेशंटसाठी. सासूबाई डबा घेऊन जिने चढून यायच्या आणि आल्यावर खाटेच्या कडेला बसून धापा टाकायच्या. मी म्हटलं, "आई, इथेच डॉक्टरांना दाखवा."

"तुझा आटपू दे आधी," त्या म्हणाल्या.

एकदा राउंडला आलेल्या डॉक्टरांना मी सांगितलंही. ते म्हणाले, "ओपीडीत केस पेपर काढा, बघू." ओपीडीच्या वेळी त्या घरी माझी पेज करत असत. तो केस पेपर निघाला नाही.

दिवाळीपर्यंत लिव्हर ताळ्यावर आलं, सगळ्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, डाव्या पायाचा अंगठा वर उचलता यायला लागला. मी घरी आले. हे महिनाभरात उतरणार होते. वाटलं, निभावलं.

तुळशीच्या लग्नानंतरची गोष्ट. ईशा कॉलेजला गेली होती. सासूबाई मागच्या दारी कपडे वाळत घालून आल्या आणि माझ्या पायाशी बसल्या. चेहऱ्यावर घाम होता. म्हणाल्या, "जळजळतंय छातीत. ओव्याचा पाणी घेतलाय, तरी जात नाय." मग आडव्या होण्यासाठी हात टेकला, आणि हात घसरला. त्या खाटेवरून खाली गेल्या.

ब्रेस खुंटीला होती. ती घालणारं माणूस जमिनीवर पडलं होतं. मी ब्रेसशिवाय कुशीवर वळले, पाय खाली टाकले, कोपरांवर सरकत त्यांच्यापर्यंत गेले. ओरडले. शेजारचे रिक्षावाले भाऊ धावत आले. त्यांनी सासूबाईंना उचलून रिक्षात घातलं. मला नेता येईना. मी जमिनीवरच बसून राहिले, रिक्षाचा आवाज उतारावरून जाईपर्यंत.

हार्ट अटॅक. पोहोचण्याआधीच सगळं संपलं होतं. ईशा कॉलेजातून थेट दवाखान्यात गेली, तिला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "बरेच दिवस त्रास होत असणार आजींना. कुणाला बोलल्या नाहीत का?"

यांची बोट भर समुद्रात होती. चुलत दिरांनी अग्नी दिला. फोनवर यांनी एवढंच विचारलं, "तू खाली पडलीस का? पाठीला लागलं नाही ना?"

हे तेराव्यानंतर आले. सकाळी उठून मला ब्रेस घालायचे, पट्टे नीट आवळायचे, भात लावायचे. पुढच्या बोटीसाठी एजंटचा फोन आला तेव्हा नाही म्हणाले. आता ते बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतात. पगार बोटीच्या मानाने काहीच नाही. ईशा पुण्याला शिकायला जाणार होती, ती इथल्याच कॉलेजात राहिली. मी दिवसाला एखादा ब्लाउज शिवते, तोही मधूनमधून उठत.

परवा शेवटचा एमआरआय झाला. पू नाही, मणके जुळून आलेत. पाठीला थोडा बाक राहिला, तो राहणार. डॉक्टर म्हणाले, "ताई, गोळ्या बंद. बऱ्या झालात."

मी म्हटलं, "डॉक्टर, आता यांना तपासा." हे म्हणाले, "मला काय झालंय?" डॉक्टरांनी मात्र चिठ्ठी लिहून दिली, ईसीजी आणि रक्ताची तपासणी.

ईसीजीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. समोरच्या भिंतीकडे बघत हे अचानक बोलायला लागले.

"आईने मला फोनवर विचारलं होतं. दिवाळीच्या आधी. बोटीवर छातीत जळजळलं तर तुम्ही काय घेता? मी म्हटलं, सोडा घेतो. तूपण घे." मग म्हणाले, "माझी ड्युटी होती. मी फोन ठेवला."

त्यांचं नाव पुकारलं. ते उठले नाहीत. सिस्टरने दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा मी उठले. माझ्या पायांवर, कशालाही न धरता. त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि आत घेऊन गेले.

तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला आधी दवाखान्यात न्या. ते नको म्हणेल. तरी न्या.