आतून वाजलेला ट्रम्पेट

मी झाडीपट्टीच्या नाटकांतला विनोदी नट. धानाची कापणी आटोपली की आमचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. मग पुढच्या कापणीपर्यंत तोंडाला रंग नाही आणि पावसाळ्यापर्यंत हाताला काम नाही. असा रिकामा नट घरात कोणालाच नको असतो. म्हणून मी मागच्या खोलीचं दार लावून घेतो, चावीच्या ग्रामोफोनला चावी देतो, आणि अमेरिकेतला एक मेलेला माणूस ट्रम्पेट वाजवू लागतो.

त्याचं नाव मी सांगणार नाही. ज्यांना हे संगीत माहीत आहे ते ओळखतील. बाकीच्यांनी चंद्रपूरच्या उन्हाळ्यात डोक्याला आणखी ताप कशाला करून घ्यायचा? एवढंच सांगतो, की त्या काळी तिकडे मोठमोठे बँड असत. एकसारख्या कोटातले वादक रांगेत बसलेले आणि समोर अख्खं सभागृह नाचतंय.

माझ्या तबकडीत आधी सॅक्सोफोनवाले गादी अंथरतात. मऊ, जाड, व्याह्यांसाठी अंथरावी तशी. ट्रम्पेटवाला येत नाही. यायची वेळ टळून जाते, तरी येत नाही. आमच्याकडचा मुरलेला नायक असाच विंगेत थांबतो, पब्लिकच्या जिवाची घालमेल होऊ देतो. मग हा येतो. अर्धा ठोका उशिरा, खांदे पाडून, जणू त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. आणि चढायला लागतो. वाटतं, बस, आता वर छप्पर आहे. तो छपरावर चढतो. शेवटी सगळा बँड गप्प होतो आणि तो एकटा एक सूर धरतो. सूर थरथरतो, बारीक होतो, विझतो की काय असं वाटतं, आणि तिथूनच तो त्याच्याही वरचा सूर काढतो. दर वेळी माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. मानेवर आता फार केस उरलेले नाहीत, ते सोडा.

दुःख एकच. तबकडीला तडा आहे. तो मधल्या लेबलापासून निघतो आणि अर्ध्यात थांबतो. म्हणजे गादी अंथरेपर्यंत सगळं स्वच्छ, आणि राजे आले की टिक्, टिक्, टिक्. त्या मोठ्या सुराआधी तर सुई ठेचकाळतेसुद्धा. भाच्यानं नेटवर पुष्कळ शोधलं. गाणं सापडलं, बँड सापडला, पण ते रेकॉर्डिंग दुसऱ्या कुठल्या दिवसाचं, त्यात गड्यानं वेगळंच काहीतरी वाजवलं होतं. आमच्या तबकडीवरचं वाजवणं आमच्या तबकडीवरच.

‘आमच्या’ म्हणतो, कारण ऐकायला दोघे असतो. दुसरा मास्टर. चंद्रपुरातल्या एका लग्नाच्या बँडचा मालक आणि त्याचा पहिला ट्रम्पेट. वडील, आजोबा, सगळे बँडवाले. जुम्म्याची नमाज झाली की तो माझ्याकडे येतो, डोळे मिटून बसतो आणि त्या अमेरिकनाला शिव्या देतो.

“याचे ओठ कायचे आहेत बे? सागवानाचे?”

“तू वाजवून दाखव ना मास्टर.”

“वाजवलं असतं. पन मंग तुले ही प्लेट ऐकाची गरज नसती राह्यली. मी तुहा शौक कायले मोडू?”

गेल्या मे महिन्यात आलापल्लीहून निरोप आला, की एका जुन्या घरात तबकड्यांची पेटी निघाली आहे. मास्टरच्या अंगात आलं. म्हणाला, तुझ्या प्लेटसारखीच प्लेट निघाली तर? तडा नसलेली? आम्ही आमची तबकडी पंच्यात गुंडाळली, ग्रामोफोन डिकीत टाकला आणि गोंडपिपरीवरून गाडी हाकली. पेटीत निघाली भजनं, कव्हरं वाळवीनं खाल्लेली. मास्टर परतीच्या वाटेवर वाळवीला शिव्या देत होता. आलापल्ली मागे टाकल्यावर रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी दिसली, तिथे मी गाडी थांबवली.

दुपार टळटळीत होती. मे महिन्यातलं सागाचं जंगल ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो: झाडावर पान नसतं. नुसते खांब. लांबवर आरपार दिसतं. आणि खाली सुपाएवढ्या वाळक्या पानांचा थर, इतका की मुंगूस गेलं तरी कोणी पापड मोडतंय असं वाटावं. टपरीत एक म्हातारी गोंड बाई होती आणि एक झोपलेलं कुत्रं.

मास्टर लघवीला म्हणून आत गेला. कर्र, कर्र, कर्र, त्याचं पाऊल न् पाऊल ऐकू येत होतं. मग थांबलं. ठीक. मी चहात बिस्कीट बुडवलं.

तेवढ्यात आतून मास्टरचा आवाज आला. मोठ्यानं, हसऱ्या आवाजात.

“हो हो! आलो, आलो!”

मी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं माझ्याकडे.

“तुमी बोलावलं का, भाऊ?”

“नाही बुवा. तुम्ही?”

तिनं मान हलवली. पुन्हा आवाज आला, “आलो!” आता जरा लांबून. आणि मग माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. कारण आवाज लांब जात होता, पण पाचोळा वाजत नव्हता.

“पयल्याच हाकेले ओ देल्ली काऊन त्यानं?” म्हातारी रागावली. “इथी तिसऱ्या हाकेबिगर ओ नाई देत कोनी. लहान लेकरालेबी मालूम आहे.”

लहान लेकराला माहीत असेल. बँडवाल्याला कसं असणार? वरातीत चारी बाजूंनी “मास्टर! मास्टर!” चालू असतं. पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर नवऱ्याचा मामा रुसतो, आणि रुसलेला मामा मांडव मोडू शकतो. मास्टरच्या तीन पिढ्या पहिल्या हाकेवर जगल्या होत्या.

मी रस्त्याच्या कडेला जाऊन पाहिलं. नुसते खांब. चौकड्यांच्या शर्टातला धिप्पाड माणूस, आणि त्या उघड्या जंगलात तो कुठेच दिसत नव्हता. आमच्या जिल्ह्याचा माणूस असल्यामुळे आधी वाघच आठवला. पण वाघ कोणाला हाक मारून नेत नाही. मी ओरडायला तोंड उघडलं, तर म्हातारीनं माझा दंड धरला.

“नोको. तुमच्या आवाजात बलावंन मंग ते.”

मी गाडीत हात घालून हॉर्न दाबला. लांब, दोनदा. जंगल गप्प. आणि मग आतून, उजव्या अंगानं, हॉर्न आला. लांब, दोनदा. माझ्या गाडीच्या हॉर्नला जुन्या म्हशीसारखी एक घरघर आहे. ती घरघरसुद्धा.

कुत्रं उठलं आणि टपरीच्या मागे जाऊन बसलं.

“वाजवू नोका,” म्हातारी हळूच म्हणाली. “शिकते ते.”

आता रंगभूमीवर असे प्रसंग मी पुष्कळ केले आहेत. भूत दिसलं की धोतर सावरत पळायचं, हमखास हशा. पण माझा मित्र आत होता, हाकेमागून निघाला होता, आणि त्याला वळवायला माझ्याजवळ असा एकही आवाज नव्हता जो आतलं ते चोरणार नाही. मास्टरनं ओळखावा आणि दुसऱ्या कोणाला जमू नये, असा आवाज कुठून आणायचा?

मग मला चक्क हसू आलं. भीतीनं येतं तसलं, पण हसू. कारण तसा आवाज जगात एकच होता, आणि तो माझ्या डिकीत पंच्यात गुंडाळलेला होता.

ग्रामोफोन बोनेटवर ठेवला. जाड सुई लावली, ती मोठ्यानं वाजते. चावी पूर्ण दिली. सॅक्सोफोनवाल्यांनी त्या वाळल्या पानांवर आपली गादी अंथरली. म्हातारी तोंडावर पदर धरून बघत राहिली. राजे नेहमीसारखे उशिरा आले. टिक्, टिक्, टिक्. मी मनात म्हणत होतो, शिक! शिक लेका! मास्टर जन्मभर घासतोय, त्याला नाही आलं, तुला येतंय का बघू!

शेवटचा सूर गेला. सुई आत जाऊन खरखरायला लागली. मी ती उचलली. आम्हा दोघांना आतून काहीच ऐकू आलं नाही. पण कुत्रं कान टवकारून जंगलाकडे पाहत होतं, आणि त्याची मान हळूहळू वर चढत होती.

मी पुन्हा चावी दिली. पुन्हा गादी, पुन्हा राजे. आणि दुसऱ्यांदा तो मोठा सूर वाजत असताना पाचोळा वाजला. कर्र, कर्र, कर्र. चौकड्यांचा शर्ट दिसला. मास्टर सरळ रेषेत चालत आला, एका हातानं कान झाकून.

म्हातारीनं त्याला मिठाचं पाणी पाजलं. तो बाकावर बसला. पेला खाली ठेवून म्हणाला,

“दोन वाजत होते, भाऊ.”

“काय दोन?”

“बाजे. तुहा टिकटिकवाला मागून. अन् समोरून दुसरा. साफ. एकदम साफ! टिक नाई, खरखर नाई. मी पायाच पडलो असतो त्याच्या. चाललोच होतो.”

“मग?”

“तुही सुई ठेचकाळते ना, त्या मोठ्या सुराआधी?”

“हो.”

“सुई नाई ठेचकाळत, पागल. तो साँस घेते तिथी. एवढुशी. तडा आहे म्हनून तुले समजत नाई. मी ऐकतो तर फक्त तेवढ्याचसाठी ऐकतो.” त्यानं ओठांवरून बोट फिरवलं. “समोरच्यानं तिथी साँस घेतलीच नाई. सरळ वर गेला. म्या म्हनलं, या अल्ला, एवढा सूर धरला अन् याले हवा नाई लागत? मंग हा कोन आहे? तसाच कान झाकून पलटलो.”

म्हातारी ऐकत होती. चहाचे पैसे तिनं घेतले नाहीत. नुसतं म्हणाली, जा आता, उन्हं उतराच्या आत जा. गोंडपिपरी येईपर्यंत मास्टरनं काचा खाली करू दिल्या नाहीत. मी सवयीप्रमाणे दोनतीन विनोद केले. एकालाही दाद मिळाली नाही.

त्यानंतर तो पुन्हा दर शुक्रवारी येऊ लागला, शिव्या देऊ लागला. मला वाटलं, संपलं.

यंदा धान निघाल्यावर मी एका नाटकाच्या बोलणीसाठी एकटाच आलापल्लीला गेलो. टपरीवर थांबलो. म्हातारीनं मला ओळखलं, पण हसली नाही.

“तुमचं ते गानं वाजते, भाऊ. दुपारचं. आमच्या बायका सरपनाले जातेत, त्याइनंबी आयकलं.”

मी गमतीनं विचारलं, “बरं वाजवतं का?”

“मले का समजते?” ती चुलीत काडी सारत म्हणाली. “पयले बिनथांब्याचं वाजे. आता मधात थांबते. थोडकंसं. मंग वाजते.”

मी चहा अर्धाच प्यालो.

हे मास्टरला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो घाबरेल, ही भीती नाही. भीती ही आहे, की तो लगेच तिकडे निघेल. तडा नाही, खरखर नाही, आणि आता साँससुद्धा. एवढ्यासाठी तर तो जन्मभर माझ्या मागच्या खोलीत बसलाय.

आणि पुढच्या महिन्यात त्याच्या बँडला अहेरीच्या एका लग्नाची सुपारी आहे. दुसऱ्या रस्त्यानं जा म्हणून मी पुष्कळ सांगून पाहिलं. तो म्हणतो, डिझेल तुहा बाप देईन का? तेव्हा मी त्याच्या बँडमध्ये भरती झालो आहे. झांजेवर. मला झांज येत नाही. तालीम केली तेव्हा ढोलवाला म्हणाला, “भाऊ, तुमी नाटकच करा.” पण गाडीत जंगलाच्या बाजूच्या खिडकीशी मीच बसणार आहे, मास्टरला आत घेणार आहे, आणि ती टपरी आली की सगळा रस्ता झांज बडवत राहणार आहे. बेसूर, बेताल, कानठळ्या बसेपर्यंत. मास्टर मला आईबहिणीवरून शिव्या देईल. देऊ दे. शिव्या देताना त्याला काहीही ऐकू येत नाही.