न उघडलेला डबा

तेहतीस वर्षांच्या पोलिसातल्या नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो, पण निवृत्तीनंतरची ही एक जशीच्या तशी आठवते. अमेरिकेत, सांता क्लाराला, लेकीच्या स्वयंपाकघरात. ना एफआयआर, ना पंचनामा.

लेक ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्या सकाळी तिचा चहा कपातच गार झाला. मी समोर जाऊन बसलो.

"काय झालं, बाळा?"

"काही नाही, बाबा. ऑफिसचं टेन्शन."

"खोटं बोलताना तू लहानपणापासून कान खाजवतेस."

हसली आणि बोलती झाली. कंपनीला एका अनोळखी माणसाने खबर दिली होती. प्रिंटरच्या नावाच्या जागी भलतंच लांबलचक काही पाठवलं, की यांची सिस्टिम अख्खा कॉम्प्युटर पाठवणाऱ्याच्या ताब्यात देते! आत काय येतंय, ते तपासायचं काम लेकीच्या कोडचं होतं.

"मग तपासलं का नाहीस?"

"ते नाव आमच्याच दुसऱ्या टीमकडून यायचं. मी अझ्यूम केलं, त्यांनी चेक केलं असेल. आता सगळे त्या टीममधल्या नव्या मुलीला ब्लेम करतायत. ती व्हिसावर आहे, बाबा. जॉब गेला तर तिला परत जावं लागेल. आणि मी खरं सांगितलं, तर माझं प्रमोशन गेलं. दहाला मीटिंग आहे."

बायकोलाही कधी न सांगितलेलं मी लेकीला सांगितलं.

लॉकअपमधल्या आरोपीचा डबा उघडून, पोळी मोडून बघायची, हा आमचा नियम. एकदा डबा आमच्याच हवालदाराने फाटकावरून आणून दिला. आपलाच माणूस, म्हणून मी न उघडता आत सोडला. भाताखाली मोबाईल होता. आरोपीने साक्षीदाराला धमकावलं, साक्षीदार फिरला, केस गेली. स्टेशन डायरीत मी लिहिलं, डबा हवालदाराने तपासला होता. तो निलंबित झाला. मला बढती मिळाली.

"त्या काकांचं पुढे काय झालं?"

"विचारायची हिंमत झाली नाही गं."

लेकीने लॅपटॉप उघडला. "बाबा, इथेच बसा." मीटिंग सुरू होताच म्हणाली, "इट वॉज माय कोड. आय डिड नॉट चेक."

प्रमोशन हुकलंच. सिस्टिम मात्र आठवड्यात दुरुस्त झाली. नोकरी वाचलेली ती मुलगी "काका, काका" करत गुलाबजामचा डबा घेऊन आली, तर लेक म्हणते, "थांबा! बाबा, आधी झडती!"

आपल्या माणसावर विश्वास ठेवावा, पण त्याचा डबा उघडून बघावा, हे मला खात्याने शिकवलं. चुकल्यावर काय करायचं, ते लेकीने शिकवलं, आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

त्याच संध्याकाळी नंबर शोधून मी फोन लावला. हवालदारानेच उचलला. मी नाव सांगितलं. तोच जुना आवाज, "जय हिंद, साहेब. जेवलात का?"